मक्याला युरिया वाढवला की पाणी जास्त लागतं का? आणि पाणी कमी असेल तर युरिया कमी करायचा का?

प्रश्न असा आहे की मक्याला नत्र (म्हणजे नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) वाढवलं तर पीक पाणी जास्त ओढतं का, पाणी कमी असेल तेव्हा युरिया कमी करावा का, आणि उलट पाणी भरपूर दिलं तर कमी युरियात भागेल का. तिन्ही प्रश्न वेगळे वाटतात पण आतून एकमेकांत गुंतलेले आहेत त्यामुळे एकत्रच उत्तर देतो, थोडं लांब होईल पण नीट वाचा कारण यात घाई केली की अर्धवट समज घेऊन माणूस शेतात जातो आणि मग पाणीही जातं आणि खतही जातं.

आधी सरळ उत्तर. नत्र वाढवलं की शेताचा एकूण पाणीवापर वाढतो, पण थोडासा. उत्पादन मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वाढतं, म्हणजे तेवढ्याच पाण्यातून दाणे जास्त मिळतात. अट एकच, की आधी नत्र खरंच कमी पडत होतं. नत्र पुरेसं झाल्यावर आणखी टाकलं तर ना पाणीवापर बदलतो ना उत्पादन, फक्त नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, खाली जायला मोकळं होतं. आणि पाणी खरोखरच अपुरं असेल तर मग नत्राचा हिशेब पाण्याच्या मागे चालवायचा, पाण्याच्या पुढे नाही. आता हे असं का, ते सांगतो.

शेतात दिलेलं पाणी चार वाटांनी जातं. काही पानांतून वाफ होऊन, काही ओल्या मातीवरून थेट वाफ होऊन, काही मुळांच्या खाली झिरपून आणि काही शेताबाहेर वाहून. पिकाचा पाणीवापर म्हणून जो आकडा सांगतात त्यात पहिल्या दोन वाटा धरतात, पानातली वाफ आणि मातीवरची वाफ मिळून. धान्याच्या मक्याला पूर्ण हंगामात हा आकडा साधारण ५०० ते ८०० मिमी येतो, हवामान आणि वाणाच्या कालावधीनुसार. एक मिमी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, एकराला ४,००० लिटरपेक्षा जरा जास्त, हा हिशेब डोक्यात पक्का ठेवा कारण पुढे सारखा लागणार आहे.

आता महत्त्वाचं. पाण्याची वाफ व्हायला ऊर्जा लागते, एका लिटरला साधारण २.४५ मेगाज्युल. ही ऊर्जा युरियातून येत नाही, ती येते उन्हातून आणि गरम कोरड्या वाऱ्यातून. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमननी १९४८ साली ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता एका सूत्रात बांधून हेच दाखवलं, आणि आज जगभर पाण्याची गरज काढायला जे पेनमन-माँटीथ समीकरण वापरतात ते त्यावरच उभं आहे. म्हणजे पानांनी एकदा जमीन नीट झाकली की शेतातून दिवसाला जास्तीत जास्त किती पाणी उडणार हे हवा ठरवते. त्याच्या वर तुम्ही कितीही खत टाका, पीक कितीही काळंभोर करा, वाफ त्या मर्यादेच्या फारशी पुढे जात नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) तक्त्यात मक्याचा पीक गुणांक, म्हणजे त्या हवेत आखूड हिरव्या गवतातून जेवढं पाणी उडेल त्याच्या किती पट पीक घेतं तो आकडा, सुरुवातीला ०.३, पूर्ण वाढीत १.२, आणि शेवटी दाणा किती वाळवून काढता त्यावर ०.६ ते ०.३५ असा दिलेला आहे. पूर्ण वाढीत १.२ म्हणजे १.२, त्या ठिकाणी "जास्त युरियावाल्यांसाठी १.६" असं काही नाही.

मग नत्र नक्की करतं काय? ते दोन गोष्टी करतं आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, पानांचा पसारा. चांगल्या पोसलेल्या मक्यात एक चौरस मीटर जमिनीवर चार-पाच चौरस मीटर पान असतं. नत्राची उपासमार झालेल्या मक्यात ते दोनाच्या आसपास अडकतं, पानं अरुंद, फिकट, आणि खालची लवकर वाळून गळतात. आता लोकांना वाटतं पान कमी म्हणजे पाणी वाचलं. पण ऊन तर तेवढंच पडतंय ना, ते पानाऐवजी ओळींच्या मधल्या मातीवर पडतं. आणि तुम्ही दर चार-पाच दिवसांनी ती माती ओली करताय, मग ते पाणी मातीवरून उडून जातं, पिकाला काहीही न देता. पानाचा पसारा तीनच्या पुढे गेला की सावलीमुळे मातीवरची वाफ बरीच कमी होते आणि पाणी झाडातून जायला लागतं, जिथे त्याच्या बदल्यात काहीतरी मिळतं. म्हणून एकूण आकडा फारसा हलत नाही, पण आतली वाटणी पूर्ण बदलते. इथे एक बारकावा आहे जो सहसा सांगितला जात नाही. पाण्याच्या पाळ्या लांब असतील, वरची माती मधे चांगली कोरडी पडत असेल, तर मातीवरची वाफ आपोआप थांबते आणि मग नत्राविना खुरटलेलं पीक खरंच जमिनीत थोडं पाणी शिल्लक ठेवतं. म्हणजे वारंवार ओलित असेल तर खुरटलेल्या पिकात पाण्याची बचत जवळपास शून्य, आणि लांब पाळ्यांवर किंवा नुसत्या पावसावर असेल तर थोडी बचत दिसते. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रयोगांत उत्तरं वेगळी आली की गोंधळून जाऊ नका, आधी त्यांनी पाणी कितीदा दिलं ते बघा.

दुसरी गोष्ट पानाच्या आत. पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एन्झाइममध्ये आणि हरितद्रव्याशी जोडलेल्या प्रथिनांत असतो. नत्र कमी पडलं की कार्बन पकडण्याचा वेग धाडकन खाली येतो, पण पानाची छिद्रं त्या प्रमाणात बंद होत नाहीत. पाणी जात राहतं आणि साखर मात्र कमी बनते. गिरणीचा पट्टा फिरतोय, वीज जळतेय, पण वरून धान्यच पडत नाही, तसली अवस्था. म्हणून उपाशी मका दर लिटरमागे कमी वजन बनवतो.

हे काही नवीन ज्ञान नाही. ब्रिग्ज आणि शांत्झ या दोघांनी शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या अ‍ॅक्रन इथे बंद कुंड्यांत पिकं वाढवून, वजनं करून पाणी मोजलं. त्यात एक किलो वाळलेला पाला-ताटं-दाणे बनवायला मक्याला साधारण ३७० किलो पाणी लागलं, गव्हाला ५०० च्या वर, लुसर्न घासाला ८०० च्या वर. मका पाण्याचा हावरट अशी जी बदनामी आहे ती दर किलोच्या हिशेबात खरी नाही, तो सी-४ गटातला (हवेतला कार्बन जास्त कार्यक्षमतेने पकडणाऱ्या पिकांतला) आहे आणि पाणी फार काटकसरीने वापरतो, तो फक्त वजन खूप बनवतो म्हणून एकूण पाणी जास्त दिसतं. त्याच काळात नेब्रास्कात किसेलबाखने जमिनीचा कस बदलून मक्यावर तेच मोजमाप केलं, आणि हलक्या कसाच्या मातीत शेणखत दिल्यावर दर किलोमागचं पाणी भरपूर कमी झालं, सुपीक मातीत मात्र फरक थोडकाच पडला. पुढे १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या डी विटने असे सगळे जुने आकडे एकत्र करून दाखवलं की वजन आणि बाष्पोत्सर्जन (पानांतून उडणारं पाणी) यांचं नातं बऱ्यापैकी ठरलेलं असतं, आणि अन्नद्रव्यं फारच कमी असल्याशिवाय ते बिघडत नाही. या दोघांचं म्हणणं जोडून वाचा: उपासमारीतून बाहेर काढण्यात नत्राचा फायदा प्रचंड, पोट भरल्यावर फायदा शून्य.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते धरा. दोन शेजारी तुकडे, पाणी सारखंच. पहिल्याला नत्र अगदीच कमी, पाणीवापर ४८० मिमी, दाणे हेक्टरी साडेतीन टन. दुसऱ्याला नत्र पुरेसं, पाणीवापर ५४० मिमी, दाणे आठ टन. पहिल्यात दर घनमीटर पाण्याला ०.७३ किलो दाणे, दुसऱ्यात १.४८ किलो. पाणी आठवा हिस्सा वाढलं आणि दाणे दुपटीच्या वर गेले. पहिला शेतकरी म्हणेल मी ६० मिमी वाचवले, पण टनाला किती पाणी लागलं ते विचारा की त्याला! एफएओच्या जुन्या आकड्यांत मक्याला दर घनमीटरला ०.८ ते १.६ किलो दाणे असा पल्ला आहे, २००४ साली झ्वार्ट आणि बास्तियान्सेन यांनी जगभरचे प्रयोग गोळा केले त्यात १.१ ते २.७ आला. तुमचा आकडा यात कुठे बसतो ते काढा, एकच्या खाली असाल तर पाणी वाढवायच्या आधी नत्र, रोपांची संख्या आणि तण या तीन गोष्टी तपासा.

आता उलट बाजू, म्हणजे पाण्याचा नत्रावर काय परिणाम होतो. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

नायट्रेट मातीला चिकटत नाही, ते मातीतल्या पाण्यात विरघळून असतं. मका पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर नायट्रेट मुळापर्यंत वाहत येतं, मक्याच्या नत्राचा सुमारे चार पंचमांश भाग असा पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळापर्यंत पोचतो असं बार्बर या मृदाशास्त्रज्ञाच्या अभ्यासात निघालं होतं. याचा सरळ अर्थ, पाणी ओढणं थांबलं की नत्र येणंही थांबतं. वरचे १५-२० सेंटीमीटर कोरडे ठणठणीत झाले आणि तुमचा युरिया त्याच थरात आहे, तर खाली दोन फुटांवर ओल असूनही पीक पिवळं पडेल. झाड जगेल खालच्या ओलीवर, पण खाणार काय? असं पिवळं पीक बघून माणूस आणखी युरिया टाकतो, तोही त्याच कोरड्या थरात जाऊन बसतो. मग पाऊस येतो किंवा भरघोस पाणी दिलं जातं आणि दोन्ही डोस एकदम विरघळतात, पिकाला तेवढं एकदम पेलवत नाही, उरलेलं खाली. त्यामुळे पिवळेपणा दिसला की खत टाकायच्या आधी हाताने उकरून बघा, वरचा थर ओला आहे का. कोरडा असेल तर त्याला आधी हलकं पाणी द्या, चार-सहा दिवस थांबा, बऱ्याचदा रंग आपोआप परत येतो.

पाणी जास्त झालं तर काय होतं याचा हिशेब एकदा करून बघाच. जमीन वाफशापर्यंत (जादा पाणी निघून गेल्यावर ती धरून ठेवते तेवढ्या ओलीपर्यंत) आधीच भरलेली आहे आणि त्यावर तुम्ही ३० मिमी जास्त दिलं. रेताड जमीन वाफशाला आकारमानाच्या साधारण १२ टक्के पाणी धरते, म्हणजे ते ३० मिमी आधीच्या पाण्याला २५ सेंटीमीटर खाली ढकलतात, एका वितीपेक्षा जास्त. भारी चिकणमातीत वाफशाला ३६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तिथे तेच ३० मिमी आठेक सेंटीमीटर ढकलतात. हा ढोबळ हिशेब आहे, भेगाळलेल्या जमिनीत काही पाणी भेगांतून सरळ खाली पळतं ते वेगळं. पण यातून कळतं की हलक्या जमिनीत अशा तीन-चार जादा पाळ्या झाल्या की नायट्रेट मुळांच्या टप्प्याबाहेर गेलंच. आणि सुरुवातीला मुळं असतात किती खोल, गुडघ्याएवढ्या पिकाला तर जेमतेम फूट-दीड फूट, नंतर ती एक मीटर किंवा जास्त जातात. म्हणजे ज्या काळात पिकाला पाणी सगळ्यात कमी लागतं त्याच काळातलं जादा पाणी नत्राला सगळ्यात जास्त घातक.

भारी जमिनीत दुसरी भानगड. पाणी साचून राहिलं, हवा गेली, की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं, त्यात थोडा नायट्रस ऑक्साइड पण असतो जो हवामानासाठी कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट वाईट. उबदार मातीत दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तरी पुरेसं होतं. वर मुळं गुदमरतात ते वेगळंच, त्यामुळे पाणी भरपूर असताना पीक पिवळं पडतं आणि लोक म्हणतात "एवढं पाणी देऊन पण?" अहो, पाणी दिल्यामुळेच.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पाणी भरपूर दिलं तर युरिया कमी लागेल का, तर नाही, गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं तर युरिया जास्त लागेल. आणि ते गेलेलं नायट्रेट कुठेतरी पोचतं, भूजलात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी ती ठेवलेली आहे, तेव्हा ही गोष्ट फक्त खताच्या खर्चाची नाही. जाता जाता, तुमच्या विहिरीच्या पाण्यात आधीच नायट्रेट असेल तर ते खतात धरा. लिटरला १० मिलिग्रॅम नत्र (नायट्रेटच्या रूपातलं) असलेलं पाणी १०० मिमी दिलं की हेक्टरी १० किलो नत्र फुकट आलं. तपासणी स्वस्त असते, करून घ्या.

आता वेळेचं बघू. मक्याला सगळ्या टप्प्यांत पाण्याचा ताण सारखा लागत नाही. एफएओने १९७९ मध्ये डोरेनबोस आणि कासम यांचे आकडे दिले त्यानुसार शाकीय वाढीत पाणीवापरात १० टक्के तूट आली तर उत्पादन ४ टक्क्यांच्या आसपास घटतं, फुलोऱ्यात तीच १० टक्के तूट १५ टक्के घट करते, दाणे भरताना ५ टक्के आणि पक्वतेला २ टक्के. फुलोरा म्हणजे तुरा बाहेर पडायच्या दोन आठवडे आधीपासून कणसाचं केसर (टोकाचे रेशमी धागे) सुकेपर्यंत, आणि त्यानंतरचे दोन आठवडे पण धरा कारण नुकतेच बसलेले दाणे ताणात गळून जातात. कारण असं की ताणात तुरा वेळेवर येतो पण कणसाचं केसर उशिरा बाहेर पडतं, पराग पडून जातात आणि केसर मागाहून येतं, कणसाला दाणेच बसत नाहीत, टोक रिकामं राहतं. आणि इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट, नत्र कमी पडलं तरी अगदी हेच होतं, तुरा आणि केसर यातलं अंतर वाढतं. म्हणजे फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण आणि नत्राचा ताण एकाच जागी घाव घालतात. दोन्ही एकदम असतील तर नंतर कितीही पाणी द्या, जे दाणे बसलेच नाहीत ते भरणार कसे.

नत्राचं वेळापत्रकही तसंच आहे. पीक गुडघाभर होईपर्यंत एकूण नत्राचा अगदी लहान हिस्सा उचलतं, मग तिथून तुऱ्यापर्यंत महिनाभरात वेगाने उचलतं, आणि केसर येईपर्यंत दोन तृतीयांशाच्या आसपास उचललेलं असतं. त्यामुळे पेरणीलाच सगळा डोस देणं म्हणजे पुढचे पाच आठवडे ते नत्र पाण्याच्या भरवशावर सोडून देणं. पेरणीला थोडं, सहा-आठ पानांवर मोठा हिस्सा, आणि तुऱ्याच्या थोडं आधी उरलेलं, अशी वाटणी हलक्या जमिनीत तर करायलाच पाहिजे. भारी जमिनीत दोन हप्ते चालतात. एकूण किती, तर एक टन दाण्यासाठी पीक जमिनीतून साधारण २० ते २५ किलो नत्र उचलतं, त्यातलं काही माती, शेणखत, आधीचं डाळवर्गीय पीक देतं, ते वजा करा. आठ टनाचं लक्ष्य असेल तर १६० ते २०० किलो पिकात गेलं पाहिजे, पण एवढं सगळं गोणीतून द्यायचं असा अर्थ नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यावरून गुणाकार तुम्ही कराल.

आता मूळ अडचणीचा प्रश्न, पाणी खरंच कमी आहे, काय करायचं. इथे माझं मत ठाम आहे, आधी पाणी मोजा आणि मग उत्पादनाचं लक्ष्य ठरवा, आणि नत्र त्या लक्ष्याला द्या. पूर्ण पाण्याच्या लक्ष्याचं नत्र अर्ध्या पाण्यावर दिलं तर दोन गोष्टी होतात. एक तर बरंचसं नत्र न वापरता जमिनीत राहतं आणि पुढच्या मोठ्या पावसात जातं. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे, सुरुवातीला ओल असताना पीक नत्राच्या जोरावर भरभरून पानं काढतं, ती पानं जमिनीतला साठा लवकर उपसतात, आणि फुलोऱ्याला हात रिकामे. गव्हात हे फार दिसतं, पण साठवलेल्या ओलीवरच्या मक्यातही होतं. म्हणजे "नत्र दिलं की पाणी जास्त लागतं" ही समजूत पूर्ण खोटी नाही, ती या एका परिस्थितीत खरी आहे, जिथे एकूण साठा ठरलेला आहे आणि मधे भर पडणार नाही. तिथे सुरुवातीचं नत्र आवरा, रोपांची संख्याही थोडी आवरा. पण आवरणं म्हणजे बंद करणं नाही. नत्र तोडूनच टाकलं तर मुळंही खोल जात नाहीत, आणि खालच्या थरातलं पाणी तसंच राहून जातं. बऱ्यापैकी पोसलेलं पीक खालच्या थरातलं पाणी जास्त काढतं, त्यामुळे कमी पाण्यात मध्यम नत्र हे शून्य नत्रापेक्षा नेहमी चांगलं. उरलेला डोस हातात ठेवा, पाऊस आला किंवा पाण्याची सोय झाली तर द्या, नाही झाली तर तो पैसा वाचला.

आणि मोजक्याच पाळ्या असतील तर त्या वाढीच्या काळात सारख्या वाटत बसू नका. उगवण नीट झाल्यावर, पीक लहान असताना थोडा ताण सहन करू द्या, त्या वेळी दुपारी पानं वळली तरी चालतं, संध्याकाळपर्यंत उघडली पाहिजेत. सकाळी दहालाच वळलेली दिसली तर पाणी द्यावंच लागेल. वाचवलेली पाळी फुलोऱ्याला.

एका पाळीत किती पाणी? मुळाच्या एक मीटर खोलीत मध्यम-भारी जमीन पिकाला मिळण्यासारखं साधारण १६० मिमी धरते, रेताड ७० मिमी. निम्मं संपलं की पाणी द्यायचं असा सोपा नियम धरला तर भारीत ८० मिमी, हलकीत ३५ मिमी. कडक उन्हात पूर्ण वाढीचा मका दिवसाला ७ मिमी घेतो असं धरा, म्हणजे भारीत अकरा दिवसांनी आणि हलकीत पाच दिवसांनी. आता सरीने पाणी देणारा एका पाळीत सहसा ७०-८० मिमीच्या खाली येऊ शकत नाही, पाणी टोकापर्यंत पोचायलाच तेवढं लागतं, म्हणून हलक्या जमिनीत सरीचं पाणी आणि युरिया यांचं जमत नाही, निम्मं पाणी नत्र घेऊन खालीच जाणार. तिथे तुषार किंवा ठिबक. सरीच असेल तर सऱ्या आखूड करा, किंवा एक सोडून एक सरी भिजवा आणि युरिया वरंब्याच्या कोरड्या सरीकडच्या अंगाला द्या, म्हणजे नायट्रेट सरळ खाली धुतलं जात नाही. फक्त सगळा हंगाम ती बाजू कोरडीच ठेवली तर नत्र तिथेच अडकेल, मधे पाऊस नसेल तर सरी बदलून भिजवा.

युरिया टाकल्यावर लगेच पाणी द्यायचं का, तर हो, पण हलकं, १० ते १५ मिमी. उघड्यावर पडलेला युरिया ओल्या, उबदार मातीवर अमोनिया होऊन उडतो, थोडं पाणी दिलं की आत जातो. पण त्याच दिवशी ७० मिमी दिलं तर उलटं, कारण युरिया स्वतः मातीला धरत नाही, अमोनियम व्हायला त्याला काही दिवस लागतात, तोपर्यंत तो पाण्याबरोबर खाली वाहतो. सरीवाल्यांनी म्हणून युरिया मातीआड करून भर लावावी, आणि पाणी दोन-चार दिवसांनी. ठिबकवाल्यांनी खत पाळीच्या पहिल्या मिनिटाला सोडू नये, आधी साधं पाणी, मधे खत, शेवटी पाइप धुवायला थोडं पाणी. सुरुवातीलाच खत सोडून वर तीन तास साधं पाणी चालवलं तर ते ओल्या भागाच्या कडेला किंवा तळाला जाऊन बसतं.

पिवळेपणा ओळखताना एवढं बघा: नत्राची कमतरता खालच्या पानांवर येते, टोकापासून मधल्या शिरेने आत इंग्रजी व्ही सारखा पिवळा पट्टा. पाण्याच्या ताणात पानं आधी वळतात, राखाडी-निळसर दिसतात, मग खालची वाळतात. पाणी तुंबल्याने सगळं झाडच फिकट आणि वाढ थांबलेली. गंधक कमी असेल तर वरची नवी पानं पट्टेदार फिकट, तिथे युरिया टाकून उपयोग नाही.

शेवटचं पाणी कधी, हेही यातच येतं. दाण्यावर जी दुधाची रेषा दिसते ती टोपीपासून खाली सरकत जाते, ती निम्म्यावर आली आणि जमिनीत बऱ्यापैकी ओल असेल तर मध्यम-भारी जमिनीत बहुतेक वेळा आणखी पाणी लागत नाही, हलक्या जमिनीत एखादं लागतं. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की संपलं, त्यानंतरचं पाणी फक्त उरलेलं नायट्रेट धुतं. आणि काढणीनंतर जमिनीत नत्र उरलेलं असेल तर लगेच एखादं खोल मुळाचं पीक घ्या, ते वर ओढून आणतं.

माझं किंवा कुणाचंही ऐकून पूर्ण शेताचा डोस बदलू नका. तुमच्या शेतात तीन-चार ओळींचा एक लांब पट्टा ठेवा ज्याला नत्र भरपूर, आणि तेवढाच दुसरा ज्याला पेरणीनंतर अजिबात नाही, पाणी दोन्हीला बाकी शेतासारखंच. भरपूर नत्राचा पट्टा आणि बाकीचं शेत यात तुऱ्याआधी रंगाचा फरक दिसत नसेल तर शेवटचा हप्ता गाळा. फरक दिसत असेल तर द्या. दर पाळीनंतर दोन दिवसांनी लोखंडी सळई किंवा ऑगर (माती काढायचं गिरमिट) घालून ओल किती खोल गेली बघा, मुळांच्या खाली मीटरभर पण ओला चिखल लागत असेल तर पुढची पाळी तेवढी कमी करा. काढणीला तिन्ही ठिकाणचे दाणे वेगळे वाळवा, वेगळे तोला, आणि पाण्याच्या एकूण मिमीने भागा. तो आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी डोस ठरवताना तोच काढून बघा.